मागच्या खोलीतला फ्रान्सवाला

आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आलेल्या फ्रान्सवाल्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, की तुमचा पडदा आखूड आहे आणि तुमचं हसणं खोटं आहे. मला पडद्याचं जास्त लागलं.

तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. चोपन्न म्हणजे काही कोवळं वय नाही, पण अक्कल माझ्याकडे उशिरा यायची होती, ती तेव्हा वाटेत होती. आमचे हे एमिरेट्समध्ये खोर फक्कानच्या बंदरात कंटेनरांचे कागद तपासून तपासून रिटायर झालेले. दापोलीला परत जायचं जायचं म्हणत आम्ही मुलाच्या स्पॉन्सरशिपवर उम्म अल कुवैनला येऊन टेकलो. इथे भाडं कमी आणि आवाज त्याहून कमी. घर बैठं, जुनं, पुढे हॉल, मागे अंगण, अंगणाला लागून एक खोली. ती रिकामी ठेवायची म्हणजे त्यात माझ्या नणंदेचं सामान येणार, हे दिसत होतं. म्हणून हा आला.

त्याचे धंदे दोन. पॅरिसच्या एका मासिकासाठी तो सिनेमांवर लिहायचा. पण त्यावर पोट भरत नव्हतं, म्हणून दुबईच्या एका कंपनीत नोकरी. शूटिंगच्या वेळी कंटिन्युइटी सांभाळायची. हे काय असतं ते मला त्याने समजावलं. सिनेमात एकच प्रसंग दहा वेळा, दहा बाजूंनी काढतात. पहिल्या वेळी हिरोच्या पेल्यात अर्धा चहा असेल तर दहाव्या वेळीही अर्धाच हवा, नाहीतर पडद्यावर चहा आपोआप भरतो. तो आपोआप भरू नये म्हणून एक माणूस पगारावर ठेवलेला असतो.

मी मनात म्हटलं, ही काय नोकरी झाली? एवढं तर मी फुकट करते. शेजारणीने परवाच्या लग्नात आणि आजच्या बाळाच्या अकीक्यात तेच झुमके घातलेत, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

या कामाला बाकीचे लोक मोबाइलवर फोटो काढायचे. हा काढायचा नाही. चौकटीची शाळकरी वही आणि पेन्सिल, बस्स. "फोटो लिया, तो आँख छुट्टी पे," असं त्याचं म्हणणं. त्याचं हिंदी लाइटवाल्यांकडून शिकलेलं असल्यामुळे त्यात विनंती हा प्रकार नव्हता. "चाय लाओ." "पंखा मारो." अंगणात तो वाचत बसलेला असला आणि मी कपडे वाळत घालायला गेले की मान वर न करता म्हणायचा, "मादाम, दो कदम पीछे." मी त्याच्या उजेडाच्या आड यायची ना! आणि मी, घरमालकीण, दोन पावलं मागे सरायची. वर तोंडाने सॉरी.

खरं बोलणं हा त्याचा आजार होता. माझ्या मुलाच्या लग्नाची कॅसेट मी हौसेने दाखवली. तीन तासांची. आमचे पाहुणे पहिल्या दहा मिनिटांत स्वतःला बघून घेतात आणि मग जेवायचं विचारतात. याने तीन तास बघितली, खुर्चीच्या टोकावर बसून, वहीत टिपणं काढत. शेवटी म्हणाला, की नवऱ्या मुलाचे काका चार ठिकाणी जेवताना दिसतात, ते खरे वाटतात. नवऱ्याची आई मात्र प्रत्येक वेळी कॅमेरा आला की आशीर्वाद देते.

नवऱ्याची आई म्हणजे मी. आठवडाभर मी त्याला चहात साखर घातली नाही. त्याने ते वहीत लिहिलं असणार.

आम्हाला एकदा मॉलमध्ये सिनेमाला घेऊन गेला. सगळ्यात पुढच्या रांगेत बसला, मान वर करून, जणू छताला काही गळतंय. सिनेमा संपला, लोक उठले, झाडूवाले आत आले, आमचे हे जागे झाले. हा बसून. पडद्यावर नावं सरकत होती आणि तो वाचत होता. सुतार, रंगारी, ड्रायव्हर, जेवण पुरवणारे. मी म्हटलं, चला, लोक थांबलेत. तर म्हणाला, "ये लोग सुबह चार बजे उठा. आप पाँच मिनट बैठो." मी बसले, पण पर्स मांडीवर घेऊन, म्हणजे आपण निघालोच आहोत असं दिसावं.

एकदा त्याला शूटिंगसाठी फुटका बशीसंच हवा होता, म्हणून दुबईच्या चिनी बाजारात, ड्रॅगन मार्टला गेलो. नवा नको, वापरलेला, कडेला टवका गेलेला. चिनी दुकानदारीण नवे काढून काढून दाखवतेय आणि हा प्रत्येकाला मान हलवतोय. शेवटी मी बारा दिरहमला, म्हणजे तेव्हाचे दोनशे रुपये, नवा संच घेतला आणि घरी येऊन माझ्या ओट्यावरच्या जुन्या बशा त्याच्या हवाली केल्या. तो एवढा खूष झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. माझ्या मात्र लक्षात आलं, की आपल्या बशांना टवके आहेत हे याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्याला फ्रान्समध्ये घर नव्हतं. एक बहीण होती, ती बोलत नव्हती. तिच्या मुलाने पहिला सिनेमा काढला, याने मासिकात लिहिलं, की मुलगा चांगला आहे, सिनेमा वाईट आहे. बहिणीने सामान दाराबाहेर ठेवलं. "एक वाक्य खोटं लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं?" मी विचारलं. तो म्हणाला, मग दुसरं कुणी खरं मानलं नसतं. तर असा हा इथे आलेला. कंपनीचा व्हिसा होता. नोकरी गेली की महिन्याभरात देश सोडायचा, आणि सोडून जायला जागा नाही. साठी उलटलेली. नव्या कंपनीत कोण घेतंय?

आणि कंपनीची त्याच्यावर खप्पा मर्जी होतीच. निर्मितीचं सगळं बघणारी एक लेबनानी बाई होती, उंच, कायम टॅब छातीशी धरलेली. तिने त्याला दोनदा बजावलं होतं, फोटो काढ. तिसऱ्यांदा म्हणाली, पुढची एक चूक, आणि खलास. हे मला त्याने स्वतः सांगितलं, ऑलिव्ह खाता खाता, जणू हवामानाची बातमी.

तेव्हाच त्यांना एका सिनेमासाठी घर हवं होतं. एका हिंदुस्थानी व्यापाऱ्याचं कुटुंब एका रात्रीत देश सोडून पळतं, मागे घर तसंच पडलेलं. फ्रान्सवाला म्हणाला, मालकिणीचा हॉल बघा. आले, बघितला, पसंत. मी तर हवेत. दोन दिवस आधी केसांना मेंदी लावली. आपल्यालाही कुणी म्हणेल, भाभी, जरा इथून चालत जा, अशी आशा होती. कुणी म्हटलं नाही.

शुक्रवारी सकाळी शूटिंगवाले आले आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी माझा हॉल नासवला. कपाटाचे खण उघडे, कपडे बाहेर, उशी जमिनीवर, चपला उलट्यासुलट्या, टेबलावर अर्धं खाल्लेलं अंडं, चहाचा ओघळ फरशीपर्यंत. दोन तास लागले त्यांना. तेवढ्या वेळात मी सगळं आवरून बिर्याणीचा कांदा तळला असता. फ्रान्सवाल्याने मला तीन वेळा बजावलं. "मादाम, हाथ नहीं. कुछ भी नहीं. हाथ पीछे." मी हात मागे बांधून कबूल केलं.

सकाळचं काम झालं. मग जुम्म्याची सुट्टी. बहुतेक पुरुष मशिदीत, आमचे हे त्यांच्याबरोबर. बाकीचे गल्लीच्या टोकाला तंबूत जेवायला. घरात मी एकटी आणि ते अंडं.

आता मी काय विचार केला तो ऐका. मी म्हटलं, हा सिनेमा उद्या दापोलीला कुणीतरी बघणार. माझी जाऊ बघणार. ती माझं शोकेस ओळखणार, पडदा ओळखणार, आणि गावभर सांगणार, की एमिरेट्समध्ये राहतात पण अंड्याची प्लेट उचलत नाहीत. गोष्टीतल्या बाईने पळून जायच्या आधी घर आवरायला पाच मिनिटं काढली असती, तर कुणाचं काय गेलं असतं? चांगल्या घरातली बाई तसंच करते. मला वाटलं, दिग्दर्शकाची चूक आहे, आपण ती गुपचूप दुरुस्त करू.

तौबा! एवढी शहाणी होते मी.

फक्त प्लेट उचलायची ठरली होती. पण प्लेट उचलली की खालचा डाग दिसतो. डाग पुसला की टेबलाची बाकीची धूळ दिसते. फडकं हातात आलंच आहे, तर फरशी. फरशीवर कपडे, ते घडी करून खणात. खण बंद. चपला जोडीने दाराशी. उशीला नवा अभ्रा. पाऊण तासात माझा हॉल ईदच्या सकाळसारखा झाला. जुम्माच होता, म्हणून लोबान पेटवून चारी कोपऱ्यांत फिरवला. मग तोंड धुतलं, चांगला दुपट्टा घेतला आणि शाबासकीची वाट बघत दारात उभी राहिले.

पहिला आत आला तो कॅमेरावाला. त्याच्यामागे दिग्दर्शक, तिशीचा मुलगा, तो जमिनीवरच बसला. मग लेबनानी बाई. तिने खोलीभर बघितलं, हवेत वास घेतला आणि फ्रान्सवाल्याला हाक मारली. तो अंगणातून आला.

"फोटोज?" तिने विचारलं.

"नो फोटोज."

"हू डिड धिस?"

माझ्या हातांना अजून भांड्याच्या साबणाचा वास होता. मी ते दुपट्ट्यात घेतले आणि शोकेसकडे बघू लागले, जणू मीही तपासाला आले आहे. तेवढ्यात आमचे हे मशिदीतून आले. हॉल बघितला. मला बघितलं. "अगो," ते हळूच म्हणाले, "काय हे..." मी त्यांना असा चिमटा काढला, की पुढचं वाक्य घशातच राहिलं.

"माय मिस्टेक," फ्रान्सवाला म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. त्याने पुन्हा सांगितलं, चूक माझी. आणि मी, सय्यदांच्या मोहल्ल्यातली, पाच वक्ताची नमाजी, उभी राहून ऐकत होते.

तीन वाजता खिडकीतलं ऊन जाणार होतं, ते गेलं की दिवस फुकट. सकाळच्या चित्रीकरणात खोलीचा एवढासा तुकडा दिसत होता. बाकीचं कुठे काय होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. फ्रान्सवाल्याने वहीही उघडली नाही. खोलीच्या मधोमध उभा राहिला, डोळे मिटले आणि बोलायला लागला. चप्पल डावी, उलटी, टाच दाराकडे. हिरवा सदरा, एक बाही खणात, एक बाहेर. उशी भिंतीपासून दोन विती, चेपलेली, कुणीतरी कोपर टेकल्यासारखी. माणसं धावत होती आणि तो मिटल्या डोळ्यांनी सांगत होता, "थोड़ा और. बस." मला अंडी तळायला लावली. चार अंडी नापास झाली. पिवळं हव्या त्या बाजूला ओघळत नव्हतं. पाचवं पास झालं, ते आमच्या ह्यांना चावायला दिलं, "उधर से, दो दाँत." ह्यांनी इमानाने दोन दातांनी चावलं.

सकाळची चित्रं लावून ताडून बघितलं. सगळं जुळलं. ऊन होतं तोवर काम उरकलं. जाताना लेबनानी बाई त्याला एवढंच म्हणाली, संडे, ऑफिसला ये. तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवार असे. रविवार म्हणजे हिशेबाचा दिवस.

शनिवार मी कसा काढला ते मला माहीत. मागच्या खोलीतून बॅग सरकवल्याचा आवाज येत होता. रोजा नसताना मला घास उतरेना. आमच्या ह्यांनी एकदाच विचारलं, "गो, तो जाईल कुठे?" आणि पेपर वाचू लागले. असा माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी त्याच्या आधी मी निघाले. ह्यांनी गाडी काढली. वाटेत विचारलं, "काय सांगशील?"

"खरं."

"पुरं?"

"लागेल तेवढं."

लेबनानी बाईपुढे मी उभ्यानेच सांगून टाकलं. अर्धं हिंदी, अर्धं इंग्लिश. त्याने मला तीन वेळा हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. मी लावला. माझ्या जावेसाठी लावला.

"युअर हू?" ती म्हणाली.

जाऊ म्हणजे काय हे इंग्लिशमध्ये सांगेपर्यंत तिचा राग निम्मा उतरला. तिलाही एक होती, बैरूतला. शेवटी तिने टॅब खाली ठेवला. राहू दे त्याला, म्हणाली, पण यापुढे फोटो काढायचे. मी त्याच्या वतीने हो म्हणून आले. तेवढा हक्क मला मिळाला आहे असं मला वाटत होतं.

घरी आले ती फेट्यात तुरा खोवल्यासारखी. तो अंगणात बदामाखाली पाव आणि ऑलिव्ह घेऊन बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून, दुबईला जायच्या तयारीत. मी त्याला सगळं सांगितलं. गुन्हा माझा, तुम्ही निर्दोष, नोकरी कायम. आता डोळे भरून येतील, असं वाटून मी थांबले.

"नहीं मादाम," तो म्हणाला. "सच में मेरा मिस्टेक. मैं खिड़की पे था."

"कधी?"

"शुरू से. प्लेट से लोबान तक."

मशीद याला नाही, तंबूतलं जेवण आवडत नाही. तो इथेच अंगणात होता, आणि पाऊण तास खिडकीतून बघत होता!

"मग थांबवलं का नाहीत मला?"

त्याला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "कट डायरेक्टर बोलता है," तो म्हणाला. "तीस साल में मैं कभी नहीं बोला." आणि वर, "बीस दिन सब एक्टिंग किया. पहला बार कोई काम करता था. मैं क्या बोलेगा?"

म्हणजे नोकरी, व्हिसा, डोक्यावरचं छप्पर, सगळं पणाला लावून हा मनुष्य मला फरशी पुसताना बघत उभा राहिला, कारण ते बघण्यासारखं होतं. मी काही बोलायच्या आत तो उठला. म्हणाला, आता जातो आणि तिला सांगतो, की मी बघत होतो. तुम्ही अर्धंच सांगितलंत.

इथे मला एक गोष्ट लिहावी लागेल, जी मी वर लिहिली नाही. नातीलाही सांगितलेली नाही. फरशी पुसून झाल्यावर आणि लोबान पेटवायच्या आधी, तो कॅमेरा तिथे एकटाच उभा होता, बंद, तोंड माझ्याकडे. मी हिरोइनची खुर्ची ओढली. बसले. दुपट्टा एका खांद्यावर घेतला, चेहरा जरा तिरपा केला, आणि सकाळपासून ती पोरगी जे वाक्य म्हणत होती, ते म्हटलं. "घर मैंने नहीं छोड़ा. घर ने मुझे छोड़ा." दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आणून.

"तुम्ही..." मी विचारलं, "सगळं बघितलंत? मधलंही?"

"सब."

"आणि ते तिला सांगणार?"

"पूछेगा तो. जो देखा, वो बोलता है."

त्याला मी कायम अहो-जाहो केलं होतं. त्या दुपारी एकेरीवर आले. "खबरदार!" मी म्हटलं. "तू कुठेही जाणार नाहीस. बस खाली." मराठीत म्हटलं, आणि तरी तो बसला. माझी इज्जत त्याच्या खरेपणाच्या आड उभी राहिली, म्हणून तो माणूस इथे राहिला. माझ्या चांगुलपणाने नव्हे. त्याचं श्रेय मी वर्षभर घेतलं, ते वेगळं.

त्यानंतर तो सहा वर्षं राहिला. हुकमाप्रमाणे फोटो काढायचा, प्रत्येकात स्वतःचा अंगठा, आणि एकही पुन्हा उघडून बघायचा नाही. मग बहिणीचा फोन आला, मुलाने दुसरा सिनेमा काढलाय, येऊन बघ. गेला. परत आला नाही. म्हणजे एकतर सिनेमा चांगला होता, किंवा बहीण म्हातारी झाली. नात विचारते, "दादी, वॉज ही फेमस?" मी म्हणते, आपल्या गल्लीत होता.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. तो बसला, मी बसले. त्याने पाव मोडला. मी उठून आत जायला हवं होतं. पण पाण्यात पडलेच आहे, तर तळ बघून घेऊ, असा माझा स्वभाव.

"कसं झालं होतं?" मी विचारलं. "ते. खुर्चीवरचं."

त्याने घाई केली नाही. ऑलिव्हची बी तोंडातून काढून बशीच्या कडेला ठेवली आणि मासिकाला लिहिताना करायचा तसा बराच वेळ विचार केला.

"बैठी, तो अच्छा," तो म्हणाला. "बोली, तो खलास."

आतून आमच्या ह्यांचा आवाज आला, "काय म्हणतो गो फ्रान्सवाला?"

"म्हणतो, मी बसते चांगली."